सोळा दारांचं बीट

आमच्या इमारतीला बक्षीस मिळालेलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचं असा आमच्याकडे नियमच आहे. खाली ऑफिसात बक्षिसाचा कागद काचेच्या चौकटीत लावलाय आणि चौकट वाकडी झाली नाही ना, हे दर सोमवारी बघणं माझ्या कामात येतं. मी इथला मिस्त्री. गळके नळ, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, उडालेले दिवे, तुंबलेली मोरी, जे बिघडेल ते माझं. राहणारी सगळी माणसं सत्तरीच्या पुढची. प्रत्येकाला स्वतःची खोली, वेळेवर जेवण, वेळेवर औषध आणि हाकेला धावून येणारी माणसं. कागदावर सगळं झकास.

बक्षीस कशाबद्दल मिळालं ते दुसऱ्या मजल्यावर उभं राहिलं की कळतं. लांबलचक सरळ पॅसेज. दोन्ही बाजूंना आठ-आठ दारं, सगळी एका मापाची, सगळी क्रीम रंगाची. नंबर आहेत, पण स्टीलचे, बोटभर उंचीचे, तेही चौकटीच्या वर. मान वर करून ते वाचायचे तर मानेचा पट्टा काढावा लागतो. फरशी इतकी गुळगुळीत की वरच्या दिव्यांची रांग खाली पुन्हा दिसते. आर्किटेक्टसाहेबांना ती फार आवडायची. म्हाताऱ्यांना ती ओली वाटते. भिंतीला धरून, पाय उचलून उचलून, पाण्यातून चालल्यासारखे चालतात बिचारे. लिफ्टसमोर एक काळं पायपुसणं होतं. एका आजींना तो खड्डा वाटायचा. त्या तिथपर्यंत यायच्या, थबकायच्या आणि न जेवताच परत जायच्या. शेवटी मी ते पायपुसणं उचलून फेकून दिलं आणि उंदरांनी कुरतडलं असं रजिस्टरात लिहिलं.

पॅसेजच्या टोकाला छतापासून जमिनीपर्यंत काच आहे. संध्याकाळी दिवे लागले की बाहेरचं दिसेनासं होतं आणि समोरून कुणीतरी हळूहळू आपल्याकडे चालत येऊ लागतं. आपणच असतो. पण ऐंशीव्या वर्षी आपण कसे दिसतो, हे कुणाच्या लक्षात राहतं? मी पन्नाशीचा आहे, तरी संध्याकाळी त्या टोकाला जायचं झालं तर फरशीकडे बघत जातो.

पोस्टमनकाका या मजल्यावर आले तेव्हा एकोणऐंशीचे होते. छत्तीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं. सायकल मिळाली ती शेवटच्या नऊ वर्षांत, तोवर सगळं पायी. बांधा काटक, बोलणं मोजकं. उजव्या खांद्यावर पिशवी वागवून वागवून तो खांदा दोन बोटं खाली उतरला होता. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. एकच मुलगी, ती लांब दुसऱ्या शहरात. तिने त्यांना इथे आणून सोडलं तेव्हा ते मला म्हणाले, "सामान कमी आहे माझं. दुसऱ्यांचंच वाहिलं सगळं."

महिनाभराने एका दुपारी मी पॅसेजमध्ये शिडीवर होतो. काका खाली येऊन उभे राहिले आणि न सांगता शिडी धरली.

"मिस्त्री, एक विचारू? हसायचं नाही."

"हसायला सवड कुठाय, काका. बोला."

"मी आत्ता माझ्या खोलीत गेलो. दार उघडलं. तर मी खिडकीपाशी खुर्चीत बसलेलो होतो. पाठमोरा." ते थांबले. "मग मी दार हळूच ओढून घेतलं. म्हटलं, शांत बसलाय, कशाला उठवा."

मी खाली उतरलो आणि त्यांना समजावलं, की ती खोली तुमची नव्हती, तुमच्या अलीकडच्या बहिऱ्या आजोबांची होती. प्रत्येक खोलीत पलंग डावीकडे, कपाट उजवीकडे, खुर्ची खिडकीपाशी. आणि पाठीमागून पांढरी डोकी सगळी सारखीच. काकांनी ऐकून घेतलं. पण मानेने हो म्हणताना ते त्या बंद दाराकडेच बघत होते.

मग हे वरचेवर होऊ लागलं. एकदा ते शिवणवाल्या आजींच्या पलंगावर बसून निवांत बूट काढत होते. या आजींनी उभा जन्म शिवणयंत्रावर काढलेला. त्या बाथरूममधून बाहेर आल्या आणि त्यांनी जी किंकाळी फोडली, ती खाली स्वयंपाकघरात ऐकू आली. तक्रारी वाढल्या. मॅनेजर मॅडमनी फाइल काढली आणि पहिल्यांदा चौथ्या मजल्याचं नाव निघालं.

चौथा मजला म्हणजे काय ते सांगतो. जे भरकटतात त्यांना तिथे ठेवतात. दार आकडे दाबून उघडतं आणि ते आकडे फक्त आमच्याकडे असतात. तिथे कुणी कुणाला मारत नाही, उपाशी ठेवत नाही, उगाच वाईट बोलत नाही. पण तिथला पॅसेज अठरा पावलांचा आहे आणि वर गेलेला माणूस परत खाली राहायला आलेला मी अकरा वर्षांत पाहिलेला नाही. काकांनाही हे माहीत होतं. मला म्हणाले, "मिस्त्री, मला खायला कमी द्या, चालेल. पण चालणं बंद झालं तर मी संपलो." त्यांची मुलगी फोनवर मॅडमना इतकंच म्हणाली, की तुम्ही ठरवाल ते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाने हजारो घरांचं टपाल न चुकता पोचवलं, त्याला स्वतःचं दार सापडत नाही, यात बिघाड माणसात आहे की दारात? मी त्यांना सरळ विचारलं, "काका, तुम्ही एवढी घरं लक्षात कशी ठेवायचात? नंबरांवरून?"

"छे! नंबर नवीन पोरांसाठी." पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला. "दार लक्षात राहतं रे. एका दाराची कडी खाली होती, कारण घरातली बाई ठेंगणी. एकाची चौकट कुत्र्याने ओरबाडलेली. एक गृहस्थ होता, बायकोशी भांडण झालं की दार रंगवायला काढायचा. रंगाचे इतके थर चढले की शेवटी दार लागेनाच. त्यांचं भांडण सगळ्या गल्लीला फुकट ऐकायला मिळायचं."

झालं. मी मॅडमपुढे जाऊन उभा राहिलो. मॅडम वाईट नाहीत. पण वर संस्था आहे, संस्थेवर ते बक्षीस आहे, आणि दारांना हात लावायचा म्हणजे आर्किटेक्टसाहेबांना विचारायला हवं. मी म्हटलं, "मॅडम, साहेब इथे राहायला येणार आहेत का?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता माझीच फाइल निघतेय. पण त्या म्हणाल्या, "एक दार. बघू या."

पंपघराच्या दाराचा निळा ऑइलपेंट उरला होता. काकांच्या जुन्या घराचं दार निळंच होतं म्हणे. मी दार घासलं, दोन हात दिले. काका सकाळपासून स्टूल टाकून समोर बसून होते आणि कुठे ओघळ आला की सांगत होते. दुसऱ्या दिवशी ते जेवणाच्या हॉलमधून थेट आपल्या खोलीत गेले. तिसऱ्या दिवशीही. मग शिवणवाल्या आजी म्हणाल्या, त्यांनाच का, मला का नाही? त्यांना पिवळा हवा होता. बहिऱ्या आजोबांना विटकरी. बघता बघता तीन आठवड्यांत सोळा दारं झाली. उरलेसुरले डबे मिसळून मिसळून माझ्या नाकी नऊ आले. मॅडम एकदा वर आल्या, डोळ्यांवर हात धरला आणि काही न बोलता खाली गेल्या. मी ती परवानगी समजलो.

काकांच्या दोन दारं अलीकडे मास्तरीणबाई राहायच्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, जीभ पाजळलेली. त्यांनी फळ्याचा हिरवा मागितला. म्हणाल्या, "आयुष्यभर त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. आता जरा समोरून बघते."

मजल्याची रयाच बदलली. लोक बाहेर यायला लागले. तुझं दार कोणतं, माझं कोणतं, यावरून भांडायलासुद्धा लागले, आणि इथे भांडण होणं ही फार चांगली खूण असते. काकांना तर त्यांचं बीट, टपाल वाटायची ठरलेली वाट, परत मिळालं. रोज चहानंतर ते हॉलमधून निघायचे. पॅसेजमधल्या प्रत्येक दारावर बोटाच्या पेराने एकदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "टपाल!" कुणी ओ द्यायचं, कुणी नाही. हिरव्या दारामागून मात्र मास्तरीणबाई न चुकता विचारायच्या, "सही लागेल का?" आणि काका म्हणायचे, "साधं आहे बाई, साधं."

तरी फाइल उघडीच होती. डॉक्टर येणार, तीन दिवस बघणार, असं ठरलं. चहानंतर काकांनी हॉलपासून खोलीपर्यंत एकट्याने जायचं. दारावर टकटक केली तर चालेल, पण दुसऱ्या कुणाचं दार उघडायचं नाही. जमलं तर दुसरा मजला कायम, नाही जमलं तर चौथा. सोमवार, मंगळवार, बुधवार. सोमवारी जमलं. मंगळवारीही जमलं. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळा झालो होतो.

आता जे सांगायचं ते जड जातंय, पण सांगतो. मास्तरीणबाई रविवारी सकाळी सव्वाआठला गेल्या. हृदय थांबलं. आमच्याकडे कुणी गेलं की ते मजल्यावर सांगत नाहीत. स्वयंपाकघरामागे एक वेगळी लिफ्ट आहे, सामानाची म्हणतात, पण तिची लांबी स्ट्रेचरच्या मापाची आहे. सगळे हॉलमध्ये जेवायला बसले, दारं लावून घेतली, की त्या लिफ्टने नेतात. नकाशातच तशी सोय केलेली आहे. तिच्या दारांना तेल मी घालतो, आवाज होऊ नये म्हणून. आणि विचारणाऱ्याला एकच उत्तर: मुलाकडे गेल्या. सांगतात असं, म्हाताऱ्यांच्या जिवाला घोर नको म्हणून. एका आयाने एकदा खरं सांगितलं, तर तिची नोकरी गेली. क्रीम रंगाच्या दारांमागे हे सगळं सहज खपून जायचं. आज या दारामागे एक पांढरं डोकं, परवा दुसरं. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. सोमवारी आणि मंगळवारी हिरव्या दारामागून ओ आली नाही, तेव्हा बाई झोपल्या असतील असं समजून काका पुढे गेले होते.

बुधवारी सकाळी मला कामाची चिठ्ठी मिळाली. स्वयंपाकघरातला नळ. जिन्यातला दिवा. हिरव्या दाराची खोली नव्या माणसासाठी तयार करणे, दारासकट. नवीन येणाऱ्या आजींच्या घरच्यांना हिरवा नको होता, क्रीमच हवा होता. मी नळ केला, दिवा केला. मग सगळे खाली व्यायामाला गेलेले असताना मी त्या दाराला क्रीमचा हात मारला. हिरवा खालून दिसत राहिला, म्हणून दुसरा मारला. देवाशपथ सांगतो, त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. चार वाजेपर्यंत रंग वाळेल की नाही, एवढंच आलं.

चार वाजता डॉक्टर आणि मॅडम पॅसेजच्या कडेला उभे राहिले. मी दिव्याचं झाकण पुसायच्या निमित्ताने शिडीवर. काका हॉलमधून निघाले. पिवळं दार, टकटक, टपाल. राखाडी दार, टकटक, टपाल. मग ते थांबले. समोर क्रीम रंगाचं दार होतं. पुढे जेमतेम दहा पावलांवर त्यांचं निळं दार ढळढळीत दिसत होतं. त्यांनी ते पाहिलंही. आणि मग वळून त्यांनी क्रीम दारावर टकटक केली.

"टपाल."

आतून कुणी काही विचारलं नाही. त्यांनी बोटाचं पेर डोळ्यांसमोर धरलं. त्याला कच्चा क्रीम रंग लागला होता, आणि दारावर जिथे बोट टेकलं होतं तिथे खालचा हिरवा उघडा पडला होता, टिकलीएवढा.

"काका, तुमचं दार पुढे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विनवणी होती. त्यांनाही ते खालीच राहायला हवे होते, हे मी आजही मानतो.

"माझं मला दिसतंय. निळं. इथलं दार कुठे गेलं?"

"बाई मुलाकडे गेल्यात, काका."

"बाईंना मुलगा नाही," काका म्हणाले.

मग ते वळले आणि समोरच्या पिवळ्या दारावर थाप मारली. शिवणवाल्या आजी बाहेर आल्या. काकांनी विचारलं, "बाई कुठे गेल्या, तुम्हाला काही कळलं?" आजींनी मॅडमकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. मग काका शेजारच्या विटकरी दारापाशी गेले. थाप मारली, पुन्हा मारली. बहिऱ्या आजोबांना कसलं ऐकू जातंय? तेव्हा त्यांनी दार उघडलं आणि आत जाऊन त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तेच विचारलं.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

घर बंद दिसलं की पत्रावर शेरा मारण्याआधी दोन शेजाऱ्यांना विचारायचं, हा पोस्टमन लोकांचा शिरस्ता. एकाला विचारून भागत नाही. एखादा चुकीचं सांगतो, आणि जिवंत माणसाचं पत्र परत जातं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त एवढं दिसत होतं, की पॅसेजमधल्या सगळ्यांमध्ये भानावर असलेला तो एकटाच माणूस आहे, आणि खरं सांगू शकेल असा मी एकटाच, ज्याच्या नखांत क्रीम रंग अजून तसाच आहे. एक वाक्य बोलायचं होतं. बाई गेल्या, काका, दार सकाळी मी रंगवलं. मला माझ्या दोन पोरांची शाळा आठवली, ती आया आठवली. मी शिडीवर उभा राहून आधीच पुसलेलं झाकण पुन्हा पुसत राहिलो.

काका बाहेर आले. त्या दारासमोर उभे राहिले. उतरलेल्या खांद्यावरून त्यांनी काहीतरी खाली ठेवल्यासारखं केलं आणि थोडा वेळ मान खाली घालून थांबले. मग निळ्या दारातून आपल्या खोलीत गेले. अजिबात न चुकता.

शुक्रवारी त्यांना चौथ्या मजल्यावर नेलं. कागदावर मुलीची सही होती.

पुढे काही दिवस दुसऱ्या मजल्यावर लोक दारं मोजत फिरायचे. कुणाचा रंग बदलला नाही ना, हे बघायला. शिवणवाल्या आजींनी खोलीबाहेर यायचं सोडलं, कारण बाहेर आलं की समोर तेच दार. दोघातिघांनी मला हळूच सांगितलं, की आमचंही क्रीमच करून टाक बाबा. मीही त्या दाराजवळून जायचं टाळायचो. तिसरा हात दिला, चौथा दिला, तरी मला संध्याकाळच्या दिव्यात खालचा हिरवा दिसायचा. इतर कुणाला दिसत नव्हता. मी दोघांना विचारून पाहिलं.

महिन्याने मॅडम स्वतः मला म्हणाल्या, "वर काकांचं दार निळं करून द्या. मी बघून घेईन संस्थेचं." मी डबा आणि ब्रश घेऊन गेलो. काका खुर्चीत होते. पाय सुजले होते. अठरा पावलांचा पॅसेजसुद्धा ते आता चालत नव्हते. मी दार लोटून घेतलं, त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. रविवार, सव्वाआठ, मागची लिफ्ट, बुधवारची चिठ्ठी, माझा हात.

"जवळ कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"आया होती. हात धरून होती."

"मग ठीक." मला रडू आवरेना, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग डब्याकडे बोट करून विचारलं, "हे काय आणलंयस?"

"निळा. तुमच्या दाराला."

"नको रे."

"का, काका? मॅडमनीच सांगितलंय."

"मी गेलो की ते पुसायला तुलाच पाठवतील," ते म्हणाले. "तुला परत तो त्रास कशाला?"

मी डबा न उघडता खाली आणला.

चार महिन्यांनी चिठ्ठीवर त्यांच्या खोलीचा नंबर आला. बेसिनचा नळ गळत होता. मी हत्यारं घेऊन वर गेलो. क्रीम रंगाचं दार जसंच्या तसं होतं, कुठे एक ओरखडा नाही. गेल्या आठवड्यात मी दोनदा त्याच्यासमोरून गेलो होतो आणि काका झोपले असतील म्हणून थांबलो नव्हतो. मी टकटक केली आणि म्हटलं, "काका, मिस्त्री आलोय." आतून एका म्हाताऱ्या बाईचा अनोळखी आवाज आला, "कोण हवंय?"